एम.ए. इंग्लिश झालात, बी.एड.चं काय?

शीळफाट्यापासून काटई नाक्यापर्यंत नवे टॉवर उभे राहिले आणि त्यांच्या मागोमाग इंग्रजी माध्यमाच्या शाळा आल्या. या शाळांना इंग्रजी शिकवायला माणसं लागतात. ती इथेच मिळतात: दिव्यातल्या, डोंबिवलीतल्या, कल्याणातल्या, इंग्रजी विषय घेऊन बी.ए. झालेल्या मुली. पुढे एम.ए. करावं की बी.एड., हा त्यांच्या घरात जेवताना निघणारा विषय असतो. तो घरापुरता राहू नये, असं मला वाटतं. आपली मुलं कोणाच्या हाताखाली शिकणार, हे त्यावर ठरतं.

१. आधी नियम पाहू, कारण यात मोठा गोंधळ आहे. पहिली ते पाचवीसाठी डी.एल.एड. (प्राथमिक शिक्षणाची पदविका) लागतं. तिथे बी.एड. चालणार नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२३ रोजी स्पष्ट केलं. सहावी ते आठवीला पदवी आणि तिच्या जोडीला बी.एड. किंवा डी.एल.एड. लागतं. पहिली ते आठवीपर्यंत टीईटीही (शिक्षक पात्रता परीक्षा) हवी आणि ती विनाअनुदानित खाजगी शाळेलाही लागू आहे, ती फक्त सरकारी नोकरीची अट नाही. नववी-दहावीला त्या विषयाची पदवी आणि बी.एड., अकरावी-बारावीला एम.ए. आणि बी.एड. दोन्ही. वरिष्ठ महाविद्यालयात मात्र एम.ए.ला ५५ टक्के आणि नेट किंवा सेट पुरतं (राखीव प्रवर्गासाठी ५० टक्के); बी.एड. कोणी विचारत नाही. म्हणजे नुसत्या एम.ए.ने नियमाप्रमाणे शाळेचा एकही वर्ग मिळत नाही.

२. उरलं वरिष्ठ महाविद्यालय. विंदा करंदीकर आणि भालचंद्र नेमाडे दोघेही इंग्रजीचे प्राध्यापक, पण तो काळ वेगळा होता. आज सेट झालेला उमेदवार तासिका तत्त्वावर दोन-तीन कॉलेजांत फिरतो आणि दिवाळीच्या, मे महिन्याच्या सुट्टीत त्याचं उत्पन्न थांबतं. साहित्याची खरी ओढ असेल आणि घरचा आधार असेल, तर ही वाट जरूर धरावी. ‘एम.ए. झालं की कुठेतरी लागेलच’ या भरवशावर मात्र धरू नये.

३. खरी अडचण इथून पुढे आहे. एम.ए. नोकरी करता करता होतं. मुंबई विद्यापीठाचा दूरस्थ विभाग आहे, इग्नू आहे, आणि दूरस्थ पदवी नियमित पदवीच्या तोडीची असल्याचं यूजीसीने २०२२ मध्ये सांगून टाकलंय. बी.एड.चं तसं नाही. शिक्षक प्रशिक्षणाच्या २०१४ च्या राष्ट्रीय नियमावलीपासून ते दोन वर्षांचं झालं. वर्षाला २०० दिवस, ८० टक्के हजेरी, शिवाय किमान २० आठवडे प्रत्यक्ष शाळेत सराव. दूरस्थ बी.एड. आहे, पण ते आधीच प्रशिक्षण घेतलेल्यांसाठी.

आता शीळ रस्त्यावरच्या शाळेत लागलेली मुलगी डोळ्यांसमोर आणा. बी.ए. झाल्यावर मिळेल त्या पगारावर लागली. तिने संध्याकाळी आणि रविवारी अभ्यास करून एम.ए. केलं. घरच्यांनी पेढे वाटले. शाळेने ‘एम.ए. इंग्लिश’ म्हणून तिचं नाव माहितीपत्रकात छापलं आणि पगारात थोडी भर घातली. बी.एड. करायचं तर तिला नोकरी सोडावी लागेल, दोन वर्षांची फी भरावी लागेल आणि परत येईल तेव्हा तिच्या जागी दुसरी एम.ए. बसलेली असेल. म्हणून ती सोडत नाही. बी.एड. नाही म्हणून कायम होत नाही, कायम नाही म्हणून पगारावर बोलता येत नाही. संस्थाचालकाला यापेक्षा सोयीचं काय असणार? हजेरी न लावता परराज्यातून बी.एड. ‘करून देणारे’ एजंट याच मुलींना गाठतात, हेही इथल्या लोकांना नवं नाही.

४. हे चालतं, कारण विचारणारं कोणी नाही. शीळ-दिवा ठाणे महापालिकेत, काटईपुढचा भाग कल्याण-डोंबिवलीकडे, महापे नवी मुंबईत. मूल एका पालिकेतलं, शाळा दुसरीतली, शिक्षिका तिसरीतली. पालकाने तक्रार कुठे करायची हेच त्याला ठाऊक नसतं. ठाणे महापालिका अनधिकृत शाळांची यादी काढते, त्यात दिवा-मुंब्र्याची नावं असतात, पालक ती वाचतात आणि मुलांना तिथेच पाठवतात, कारण घराजवळ दुसरी शाळा परवडत नाही. मान्यताप्राप्त शाळेत शिकवणाऱ्यांची पात्रता काय, याची तर यादीही निघत नाही.

५. ‘इंग्रजी फाडफाड बोलते, मग बी.एड. कशाला?’ असं पालक सर्रास म्हणतात. बी.एड. झालेला प्रत्येक जण चांगलं शिकवतो, असा माझा दावा नाही. पण एम.ए.च्या अभ्यासक्रमात शेक्सपिअर असतो, समीक्षेचे सिद्धांत असतात. घरी मराठी किंवा भोजपुरी बोलणाऱ्या सहावीतल्या मुलाला इंग्रजी वाचायला कसं लावायचं, हे नसतं. महाराष्ट्रात जून २००० पासून पहिलीपासून इंग्रजी आहे, तरी दहावीला पोचलेली मुलं साधं पत्र लिहिताना अडखळतात. उलट बाजूने, अकरावी-बारावीला विषयाची खोली नसलेला शिक्षक गाइडमधली उत्तरं उतरवून देतो. म्हणून त्या टप्प्यावर दोन्ही पदव्या मागणारा नियम मला रास्त वाटतो.

६. सर्वोच्च न्यायालयाने १ सप्टेंबर २०२५ च्या निकालात, पाच वर्षांपेक्षा जास्त सेवा उरलेल्या नोकरीतल्या शिक्षकांनाही दोन वर्षांत टीईटी उत्तीर्ण होणं बंधनकारक केलं. अल्पसंख्याक संस्थांचा प्रश्न मोठ्या पीठाकडे गेला. अनुदानित शाळांतल्या शिक्षकसंघटना त्यावर बोलल्या. शीळ रस्त्यावरच्या मुलींची संघटना नाही.

७. मागण्या दोनच. २०१४ च्या नियमावलीत नोकरी करणाऱ्यांसाठी तीन वर्षांच्या अर्धवेळ बी.एड.ची तरतूद आहे. ते ठाणे किंवा कल्याण परिसरात सुरू व्हावं, यासाठी मुंबई विद्यापीठाने आणि इथल्या आमदार-खासदारांनी पाठपुरावा करावा. इथल्या उड्डाणपुलासाठी जेवढी निवेदनं गेली, त्याच्या दहाव्या हिश्शानेही काम भागेल. दुसरी मागणी तिन्ही पालिकांकडे: प्रत्येक शाळेच्या फाटकावर शिक्षकांची पात्रता लिहिलेला फलक लावायला लावा. फीचा फलक लागतो, मग हा का नको?

८. बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला असलेल्या मुलींना माझं सांगणं सरळ आहे. शाळेत शिकवायचं असेल तर पहिल्या नोकरीच्या आधी सीईटी देऊन बी.एड. करून टाका. एम.ए. नंतर, पगार घेत घेत, दूरस्थ करा. ते पळून जात नाही. एकदा नोकरीत अडकलं की दोन वर्षं पुन्हा मोकळी करणं फार कठीण जातं. वरिष्ठ महाविद्यालयच हवं असेल तर बी.एड.वर वेळ घालवू नका, एम.ए. करून सेटला बसा.

आणि पालकहो, येत्या प्रवेशाच्या वेळी बस कुठे थांबते, पोहण्याचा तलाव आहे का, हे विचाराल तेव्हा इंग्रजी कोण शिकवणार आणि त्यांचं बी.एड., टीईटी झालंय का, हेही विचारा. सीबीएसईच्या शाळांना शिक्षकांची माहिती संकेतस्थळावर देणं बंधनकारक आहे. ती उघडून पाहा. नसेल तर लेखी मागा.