चमत्कार नव्हे, हातचा!

आमच्या घरच्या व्हॉट्सॅप ग्रुपवर दर दोन-तीन महिन्यांनी एक संख्या उगवते: १२३४५६७८९८७६५४३२१. सोबत कमळ, दिवा आणि "१११११११११ चा वर्ग! वैदिक गणिताचा चमत्कार! पुढे पाठवा." परवा परत आली. खाली रांगेने नमस्कार, आणि सहावीतल्या भाचीचा एकच प्रश्न: "पण असं का होतं?" तिला उत्तर मिळालं, "अगं, चमत्कार आहे तो!"

इथे माझं डोकं सणकलं. (काका, वाचत असालच. रागावू नका, पण लिहिणारच.)

अहो, तिला कागद द्या. नऊ एकांना नऊ एकांनी गुणायला सांगा. एकेक घर डावीकडे सरकवत नऊ ओळी, मग उभ्या बेरजा. उजव्या टोकाला १, मग २, ३... मधल्या घरात ९, तिथून परत उतरण. कुठेच दहा होत नाहीत, म्हणून हातचा येत नाही. बस्स, एवढंच! आता दहा एक घेऊन बघा. मधे दहा भरतात, हातचा येतो आणि उत्तर निघतं १२३४५६७९००९८७६५४३२१. चढणीवरचा ८ गायब, मधे दोन शून्यं. हे फॉरवर्डमध्ये कधीच नसतं.

"अंकांची बेरीज ८१, म्हणजे ९, म्हणून शुभ" हेही होतंच. नऊने भाग जाणाऱ्या प्रत्येक संख्येचं असंच होतं. वीजबिल ५४३६ रुपये आलं तर तेही शुभच म्हणायचं का? :)

उलटसुलट सारखंच दिसणं हा दशमान पद्धतीत लिहिण्याचा गुण. विषम असणं, पूर्ण वर्ग असणं, बरोबर ४५ विभाजक असणं हे त्या संख्येचे स्वतःचे गुण, कुठल्याही पद्धतीत लिहा, ते जात नाहीत. हा फरक भाचीला कळला असता. आपण तिला हात जोडायला शिकवलं.

बरं, अभिमानच हवा ना? मग खरा घ्या. नवव्या शतकात महावीराचार्यांनी 'गणितसारसंग्रहा'त १२३४५६५४३२१ ही संख्या एकापासून सहापर्यंत चढून क्रमाने उतरणारी म्हणून सांगितली आहे. आणि १, १२१, १२३२१ पासून आपल्या या संख्येपर्यंतच्या मालिकेला 'अद्भुत डेमलो संख्या' म्हणणारे द. रा. कापरेकर देवळालीच्या शाळेत मास्तर होते. 'डेमलो' हे रेल्वे स्टेशनचं नाव, म्हणजे आपली आजची डोंबिवली! 'अद्भुत' त्यांनीही म्हटलं, पण आधी स्वतः आकडेमोड करून. आपल्या फॉरवर्डमध्ये त्यांचं नाव नाही, वेदांचं आहे.

असो. भाचीला मी दहा एकांचा गुणाकार दिलाय. काका, तुम्हीही करून बघा. मग खुशाल पुढे पाठवा.