रनिंगचा रकाना

भोपाळमध्ये सेकंडहँड गाडी बघायला गेलेला माणूस आधी 'रनिंग किती?' विचारतो. त्या एका आकड्यावर भाव वरखाली होतो. तिथल्या कोकता भागातल्या आरटीओला मात्र तो आकडा नको असतो. मालकी बदलताना भरायचा फॉर्म 29 वाचून बघा. घेणाऱ्याचे नाव, चासी नंबर, इंजिन नंबर, गाडीवर बोजा नसल्याचे निवेदन. मीटर रीडिंगला रकाना नाही. फॉर्म 30 मध्येही नाही.

गाडी मात्र आपला हिशेब ठेवत असते. मीटर मागे घेणारा डॅशबोर्डच्या चिपमधला आकडा बदलतो. इंजिनच्या संगणकात, म्हणजे ईसीयूत, वेगळीच एक नोंद चालू असते : बिघाडाचे कोड शेवटचे पुसल्यापासून गाडी किती धावली. स्टीअरिंगखालच्या ओबीडी, म्हणजे बिघाड तपासायच्या, सॉकेटला साधा स्कॅनर लावला की बऱ्याच गाड्यांत ती मोबाइलवर दिसते. समजा, डॅशबोर्ड 38,000 दाखवतो आणि ही नोंद 61,000. गाडी जन्मापासून जेवढी धावली, त्याहून जास्त ती मधल्या एका दिवसापासून कशी धावेल? मग 'एकाच डॉक्टरांनी वापरलेली गाडी' हे पालुपद ऐकण्यात अर्थ उरत नाही. मुरलेला दलाल कोड पुसून ही नोंदही शून्यावर आणतो. नुकतीच दुरुस्ती झाली नसेल, तर ते शून्यही संशयास्पदच.

हे सॉकेट सरकारनेच बसवून घेतले आहे, धुरावर नजर ठेवण्यासाठी. 2017 मध्ये बीएस-4 हे धुराचे निकष देशभर लागू झाले, त्यात चारचाकीला ओबीडी आलेच. म्हणजे साक्षीदार गाडीत बसला आहे. त्याला विचारायचे काम तेवढे गिऱ्हाइकावर सोडले आहे.

फसल्यावर काय? भारतीय न्याय संहितेत फसवणुकीला कलम 318 आहे. पण दिल्लीत दहा वर्षांहून जुन्या डिझेल गाड्यांवर बंदी आली, म्हणून एनओसी घेऊन बाहेरच्या राज्यात गेलेली गाडी तीन-चार हातांतून फिरते. मीटर नेमके कोणी फिरवले? प्रत्येक जण सांगतो, मी घेतली तेव्हा एवढेच होते. ते खोटे ठरवणारा कागद नाही. अमेरिकेत 1972 च्या कायद्याने विकणाऱ्याला मालकी देताना रीडिंग लिहून द्यावे लागते. खोटे बोलणारे तिथेही आहेतच, पण त्यांची सही सापडते.

रीडिंगच्या रकान्यासाठी संसदेत जायला नको. केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या नमुन्यात एक ओळ वाढवली की झाले. नियमांत भर घालणे सरकारला जमत नाही असेही नाही. डिसेंबर 2022 च्या अधिसूचनेने जुन्या गाड्यांच्या अधिकृत डीलरांना गाडीच्या प्रत्येक फेरीची इलेक्ट्रॉनिक नोंद सक्तीची झाली. फेरी कशासाठी, गाडी कोणी चालवली, किती वाजता आणि किती किलोमीटर. ट्रायलला गेलेले चार किलोमीटरसुद्धा त्यात लिहायचे आहेत.