ओट्यावरचे उष्टे, नळावरची सियासत

इशाची नमाज झाली की आमच्या गल्लीतला ओटा भरतो. आमचा मोहल्ला सोलापुरातला, विजापूर वेशीपासून पायी दहा मिनिटांवरचा. ओट्यावर यंत्रमागाची पाळी संपवून आलेले असतात, रिक्षावाले असतात, पेन्शनीतले दोन-तीन चाचा असतात आणि उर्दू माध्यमाच्या शाळेत खडू झिजवणारे आमच्यासारखे मास्तरही असतात. चहा येतो. कुणीतरी मोबाइल पुढे करतो, आज कोणत्या वाहिनीवर कोण काय बरळला ते लावतो आणि मग साडेअकरापर्यंत आम्ही दिल्ली चालवतो, लखनौ चालवतो, चहा दुसऱ्यांदा आला तर वॉशिंग्टनही चालवतो.

त्याच वेळी पन्नास पावलांवरच्या नळाला पाणी आलेले असते. उजनी धरण तुडुंब भरले तरी चार-चार, पाच-पाच दिवसांआड पाणी, हे सोलापूरकरांनी वर्षानुवर्षे सोसले आहे. त्यामुळे पाण्याची रात्र म्हणजे जागरणाची रात्र. आमच्या आया, बहिणी, बायका हंडे-घागरी घेऊन उभ्या असतात. त्यांचेही बोलणे चालू असते. त्या बोलण्याला आम्ही ‘बायकांची बडबड’ म्हणतो. अंगात दीनदारी जास्त संचारली तर ‘गीबत’ म्हणतो. आमच्या बोलण्याला मात्र आम्ही ‘सियासत’ म्हणतो.

आमचे म्हणणे एवढेच आहे की, ही नावे उलटी पडली आहेत. सियासत नळावर चालू आहे. ओट्यावर आम्ही चघळतो ते टीव्हीचे उष्टे आहे.

हे बोलणे झोंबेल. म्हणून पुरावे देतो, आणि आरोपीच्या पिंजऱ्यात सर्वांत पुढे आम्हीच उभे आहोत हेही सांगून ठेवतो.

पहिला पुरावा ताटातला. नोव्हेंबर २०२३ मध्ये राज्य सरकारने शाळेच्या पोषण आहारात आठवड्यातून एकदा अंडे आणि अंडे न खाणाऱ्या मुलांना केळे द्यायचे ठरवले. जानेवारी २०२५ मध्ये त्यासाठीचा सरकारी निधी बंद केला. अंडी द्यायचीच असतील तर शाळांनी लोकवर्गणी काढावी, असे सांगण्यात आले. आमच्या वर्गात अशी पोरे आहेत की ज्यांच्या आठवड्याच्या जेवणात ते एक अंडेच काय ती चैन होती. ओट्यावर या निर्णयाची चर्चा किती दिवस झाली? एक मिनिटही नाही. त्या आठवड्यात आम्ही कुठल्याशा नेत्याच्या भाषणावरून एकमेकांच्या गळ्यापर्यंत आलो होतो. नळावर मात्र दुसऱ्याच दिवशी प्रश्न निघाला. आमच्या घरात घागरीबरोबर तो आत आला, “अंडा काय कू बंद करे जी? तुम मास्तर ना, तुमना मालूम नै?” आम्हाला निर्णय माहीत होता. पण तो ओट्यावर मांडण्यालायक विषय आहे, हे सुचले नव्हते.

दुसरा पुरावाही ताटातलाच. टीव्हीने आमचे एक चित्र रंगवून ठेवले आहे. मुसलमान म्हणजे रोज बिर्याणी. स्टाफरूममध्येसुद्धा एखादे सहकारी प्रेमाने विचारतात, “काय सर, आज डब्यात बिर्याणी का?” डबा उघडला तर आत ज्वारीची भाकरी, शेंगाचटणी आणि कांदा. दालचा-खाना लग्नाला, हलीम रमजानच्या मीना बाजारात, आणि मटण पगाराच्या आठवड्यात, तेही पाव किलोच्या हिशेबाने. गायीच्या कत्तलीवर महाराष्ट्रात १९७६ च्या कायद्यापासून बंदी होतीच. २०१५ साली बैल आणि वळूही त्या बंदीत आले. गरिबाला परवडणारे मांस ताटातून गेले, कातडी आणि हाडांवर जगणाऱ्या घरांचा धंदा बसला. ओट्यावर आम्ही महिनाभर ‘हमारी पहचान’ या विषयावर गरजलो. हे आमच्यावर बेतले होते आणि राग खराच होता. पण त्या महिन्याभरात आमच्यापैकी एकानेही गल्लीतल्या कुरेशी घरात जाऊन, पोराची फी कशी भरणार, असे विचारले नाही. ते नळावर विचारले गेले, आणि दोन महिन्यांची फी बायकांच्या भिशीतून गेली. आम्हाला ते वर्षभराने कळले.

तिसरा पुरावा राजकारणाचा, ज्यात आम्ही स्वतःला पंडित समजतो. मार्च २०२२ मध्ये सोलापूर महापालिकेची मुदत संपली. निवडणूक झाली ती थेट जानेवारी २०२६ मध्ये. मध्ये साडेतीन वर्षांहून अधिक काळ प्रशासकाचा कारभार होता. म्हणजे या शहरातल्या कोणत्याही गल्लीला नगरसेवक नव्हता. गटार तुंबले तर जायचे कुणाकडे, हे सांगायला माणूस नव्हता. या सगळ्या काळात आम्ही ओट्यावर कोणकोणती सरकारे पाडली आणि बसवली त्याचा हिशेब नाही. आमच्या प्रभागाला प्रतिनिधीच नाही, ही गोष्ट कुणी रागाने बोलल्याचे आम्हाला आठवत नाही. टीव्हीवर तो विषय नव्हता ना! जे पडद्यावर नाही ते आमच्या डोळ्यांना दिसेनासे झाले आहे, मग ते पायाखालचे गटार का असेना.

आणि टीव्हीने तरी आमचे काय भले केले? २०२० च्या मार्च-एप्रिलमध्ये तबलिगी जमातीच्या नावाने वाहिन्यांवर जो वणवा पेटला, त्याची झळ आमच्या गल्लीतल्या भाजीच्या हातगाडीपर्यंत आली. गिऱ्हाइके नाव विचारू लागली. त्याच वर्षी २१ ऑगस्टला मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने परदेशी जमातींवरचे गुन्हे रद्द केले, त्यांना बळीचा बकरा केले गेल्याचे म्हटले आणि माध्यमांतील अपप्रचारावरही बोट ठेवले. तो निकाल आमच्या ओट्यावर दोन दिवसही टिकला नाही. तिसऱ्या दिवशी आम्ही त्याच वाहिन्यांसमोर होतो. आमच्या खर्चाने, आमच्या रिचार्जवर, आम्हालाच शिव्या ऐकत! रोज रात्री शत्रूच्या दारात जाऊन मार खायचा आणि मग, मार फार खाल्ला म्हणून एकमेकांना सांगत बसायचे, याला जागृती म्हणत नाहीत. खबर आली तर आधी शहानिशा करा, अशी ताकीद सूरह हुजुरातमध्ये आहे. पाठीमागे निंदा करू नका, हीही ताकीद त्याच सूरहमध्ये आहे. दुसरी ताकीद आम्ही बायकांना ऐकवतो. पहिली आम्हाला कोण ऐकवणार?

याचे पीक कुठे उगवते ते आम्ही रोज पाहतो. पाचवीच्या वर्गात आम्ही वादविवाद ठेवला. विषय साधा, ‘आमच्या मोहल्ल्यातील कचरा’. दोन मुले उभी राहिली आणि एकदम ओरडू लागली. एकाचे दुसरा ऐकेना. तिसरा बाकावर हात आपटत “जवाब दो, जवाब दो” करू लागला. वर्ग खूष! आम्ही सुन्न. ही तालीम त्यांना आमच्या ओट्यावरून मिळाली होती, हे ओळखायला बी.एड्. लागत नाही. तेवढ्यात मागच्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली आणि हळूच म्हणाली, “सर, घंटागाडी हफ्ते में एकीच बार आती, मंगल कू. अम्मी फोन करको बोली, फिर बी नै आयी.”

त्या गोंगाटात एवढे एकच वाक्य कचऱ्याविषयी होते. वार होता, तक्रार होती, तक्रारीचे काय झाले तेही होते. आणि ते आमच्या दखनीत होते. ज्या दखनीने मराठीचा ‘च’ आणि ‘नको’ शेकडो वर्षांपूर्वी आपलासा केला, त्या बोलीत. ती मुलगी हे वाक्य नळावरून घेऊन आली होती. ओरडणाऱ्या पोरांची हिंदी मात्र स्टुडिओतली होती. आम्ही बोली गमावतो आहोत आणि बोलीबरोबर बोलण्याचा विषयही.

कुणी म्हणेल, “मास्तर, आपल्यावर देशभर संकट आहे आणि तुम्ही घंटागाडी घेऊन बसलात?” प्रश्न खोटा नाही. देशाविषयी बोलूच नये असे आम्ही म्हणत नाही. पण याच शहराचा इतिहास पाहा. १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यात सोलापूरचे चौघे फासावर गेले. मल्लप्पा धनशेट्टी, जगन्नाथ शिंदे, श्रीकिसन सारडा आणि अब्दुल रसूल कुर्बान हुसेन. कुर्बान हुसेन जेमतेम विशीतला तरुण, गिरणी कामगारांत काम करणारा, ‘गझनफर’ नावाचे वृत्तपत्र चालवणारा. साम्राज्याविरुद्ध उभे राहण्याआधी तो कामगारांच्या मजुरीच्या प्रश्नावर उभा राहिला होता. ज्याला आपल्या गल्लीचे दुखणे मांडता येते, त्याच्याच तोंडी देशाचे दुखणे शोभते. आम्ही दरवर्षी चार हुतात्म्यांच्या पुतळ्याला हार घालतो, आणि रात्री ओट्यावर येऊन दुसऱ्याच्या तोंडचे शब्द बोलतो.

मग करायचे काय? मोबाइल गटारात टाका, असा सल्ला आम्ही देणार नाही. आम्ही स्वतः तो पाळणार नाही. पण एक गोष्ट हातातली आहे. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने शाळा व्यवस्थापन समितीत तीन-चतुर्थांश पालक आणि निम्म्या स्त्रिया असाव्यात असे ठरवले. आमच्या शाळेची मागची पालकसभा झाली तेव्हा साठ चिठ्ठ्या गेल्या होत्या. नऊ जणी आल्या. बाप एकही नाही. त्याच रात्री ओटा मात्र भरलेला होता आणि ‘कौम की तालीम’ यावर दोन तास चर्चा झाली. आम्हीही त्या चर्चेत होतो. सकाळच्या रिकाम्या बाकांविषयी आम्ही चकार शब्द काढला नाही, कारण रंगाचा बेरंग झाला असता. ही आमची लाज आहे आणि ती इथे लिहून ठेवतो.

म्हणून पुढची पालकसभा आम्ही इशानंतर त्याच ओट्यावर घेणार आहोत. हेडमास्तरांशी बोलणे झाले आहे. पुढच्या रांगेत नळावरच्या बाया बसतील. अंडे, घंटागाडी, पाणी आणि पाचवीचा रिकामा मराठी शिक्षक, असे चार विषय आहेत. ओट्यावर रोज बसणाऱ्या भावांना त्या रात्री जागा हवी असेल तर ती मागच्या रांगेत मिळेल. चहा आमच्याकडून. मोबाइल खिशात ठेवायचा, आणि तासभर फक्त ऐकायचे.

काही जण उठून जातील, हे आम्हाला ठाऊक आहे. जाऊ देत. पाणी त्या रात्रीही येणार आहे. निदान घागर उचलायला तरी घरी वेळेवर पोचतील.