आजीच्या हातचा नाताळ आता आपल्या हाती

डिसेंबर उजाडला की वसईत बेकऱ्यांपुढे केकसाठी रांगा लागतात आणि दुकानांत येशूजन्माच्या देखाव्याचे तयार प्लास्टिकचे गोठे येतात. नोकरी, लोकल आणि मुलांच्या परीक्षा सांभाळणाऱ्या घराला त्यांचा आधार वाटतो, यात कुणाचाच दोष नाही. पण नंदाखाल, निर्मळ, गास, भुईगाव, कुठल्याही गावात सत्तरीच्या माणसाला जुन्या नाताळाबद्दल विचारा. तो पेंढ्यापासून सुरुवात करेल.

भाताची झोडणी होऊन फार दिवस झालेले नसायचे. गोठ्याला लागणारा पेंढा घरचाच. बावखलाच्या, म्हणजे गावातल्या तळ्याच्या काठावरचं, विहिरीच्या ओल्या दगडांवरचं शेवाळ आजोबा सुरीने अलगद सोडवायचे. ते सलग निघायला हवं, नाहीतर गोठ्याचा डोंगर उघडा पडतो. मुलं करवंट्यांत माती भरून दहा-बारा दिवस आधी गहू नाहीतर नाचणी पेरायची, म्हणजे चोवीस तारखेला गव्हाणीभोवती बोटभर उंचीचं हिरवं शेत डोलायचं. चांदणी बांबूच्या कामट्यांची आणि खळीने चिकटवलेल्या पतंगी कागदाची. कामटी किती तासायची, कुठे वाकवायची, गाठ कुठे मारायची, हे कुठेही लिहिलेलं नाही.

आज शेतांवर इमारती उभ्या आहेत आणि कितीतरी बावखलं बुजवली गेली. फादर फ्रान्सिस दिब्रिटो हरित वसईच्या चळवळीत उभे राहिले, तेव्हा जमिनीबरोबर आपल्या सणाचीही राखण होत होती, असं मला वाटतं. शेतच नाही तर पेंढा कुठून येणार?

स्वयंपाकघरातही तेच. कुलकुल हा नाताळचा गोड पदार्थ, त्याचं पीठ नारळाच्या दुधात मळलेलं. लिंबाएवढ्याही नाही, आवळ्याहून लहान गोळ्या. काट्याच्या पाठीवर गोळी दाबायची आणि अंगठ्याने पुढे सारत गुंडाळायची. जोर जास्त झाला तर ती फाटते, कमी पडला तर नक्षीच उठत नाही. आजी बोलता बोलता परातभर कुलकुल वळते. माप विचारलं तर म्हणते, "हाताला कळतं." त्या हाताशेजारी बसून शिकणारा दुसरा हात आज घरात आहे का? नातवंडं विरारच्या फ्लॅटमध्ये, आखातात, कॅनडात. जी जवळ आहेत त्यांना आजीची सामवेदी किंवा वाडवळी बोली अर्धीमुर्धीच समजते.

हे जपायला हवं, कारण हा सण आपल्या मातीत फार खोल रुजला आहे. १६१६मध्ये गोव्यात राचोल इथे फादर थॉमस स्टीफन्स यांचं ‘ख्रिस्तपुराण’ छापलं गेलं. येशूजन्माची गोष्ट मराठी ओवीत आली, त्याला चारशेहून अधिक वर्षं झाली. वसईत १७३९मध्ये चिमाजी अप्पांनी किल्ला जिंकला, पोर्तुगीज सत्ता गेली. सण मात्र राहिला, कारण घराघरांनी तो धरून ठेवला. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर, १९६०च्या दशकात, मिस्सा मराठीत आली. त्याआधी चर्चमध्ये लॅटिन चालायचं. मुलांना समजायची ती गोष्ट घरातल्या माणसांनी आपल्या बोलीत सांगितलेली.

दिवाळीला शेजारून आलेलं फराळाचं ताट नाताळला नेवऱ्यांनी भरून परत जायचं. म्हणून ही आठवण एकट्या ख्रिस्ती घरांची नाही. पलीकडच्या हिंदू आजीलाही कुलकुलांची चव आठवते. तिच्याशीही बोलूया.

आणि अजून वेळ गेलेली नाही! जाणती माणसं आपल्यात आहेत. नाताळाआधीच्या आगमनकाळाचे चार रविवार आपल्याला मिळतात, ते पुरेसे आहेत. फोन प्रत्येकाच्या खिशात आहे. तो आजीच्या चेहऱ्यासमोर नको, हातांवर धरा. ती मूठभर पीठ टाकेल, ते आधी वाटीत ओतून मोजून घ्या. तिला प्रमाण मराठीत बोलायला लावू नका. तिच्या बोलीतच बोलू द्या, अडलेला शब्द लगेच विचारा. ट्रंकेतले जुने फोटो काढा आणि कोण कोण आहे ते मागे पेन्सिलीने लिहून ठेवा. ती नावं सांगू शकणारं माणूस बहुतेक घरांत आता एकच उरलं आहे.

परदेशातल्या भावंडांनाही सोबत घेऊया. तिकडे त्यांनी पीठ मळावं, इकडे आजीने व्हिडिओ कॉलवर ओरडून चुका काढाव्यात.

चर्चच्या धर्मशिक्षणाच्या वर्गांनी आणि गावातल्या मंडळांनी या वर्षी गोठ्यांच्या स्पर्धेत एक अट घालावी: प्रत्येक गटात एक आजी किंवा आजोबा हवेत. बक्षीस छोटं असलं तरी चालेल. ज्यांच्याकडे अजून भातशेती आहे, त्यांनी पेंढ्याचे चार भारे गावातल्या मुलांसाठी बाजूला ठेवावेत. कामट्या तासणारा एखादा जाणता माणूस तासभर ओट्यावर बसला, तर दहा मुलं चांदणी बांधायला शिकतील.

केक बेकरीतूनच येऊ दे, काही बिघडत नाही. कुलकुल मात्र घरी वळूया. येत्या रविवारी मिस्सा आटोपली की थेट आजीच्या घरी जा. जाताना दोन नारळ आणि मुलांना घेऊन जा.