आडदिवसांतला समुद्र

समुद्र बघायचा तो मे महिन्यात, नाहीतर दिवाळीच्या सुट्टीत, असे आपण धरून चालतो. पण मे महिन्यात आपल्या घरी मशागत आणि बी-खताची जुळवाजुळव, दिवाळीच्या आगेमागे सुगी. त्यामुळे कितीतरी घरांतला समुद्र राहतो तो राहतोच. आमच्या आत्याबाईंचा, म्हणजे माझ्या सासूबाईंचा, अडुसष्ट वर्षे राहिला होता.

गेल्या वर्षी योग आला तो भलत्याच दिवसांत. गणपती गेले होते. शेवटची भांगलण उरकली होती आणि सोयाबीन काढायला पंधरा-वीस दिवस अवकाश होता. धाकटी साडेतीन वर्षांची, अजून शाळेत न घातलेली. हे म्हणाले, "आताच जाऊन येऊ. पोरगी शाळेत गेली की तिची सुट्टी आणि आपली सुट्टी जुळायची नाही." म्हशींच्या धारा जाऊबाईंनी अंगावर घेतल्या.

आत्याबाई मात्र म्हणाल्या, "पितृपंधरवड्यात कुठं गं फिरायला? लोक काय म्हणतील?" आमच्याकडची तीथ चतुर्थीला असते. ती झाली, पान वाढून झाले, मगच निघालो.

कराडहून पाटण, कोयनानगर, कुंभार्ली घाट उतरून चिपळूण आणि तिथून गुहागर, सारा प्रवास एस.टी.ने. २०२३ पासून बायकांना एस.टी.त निम्मे तिकीट आहे आणि पाच वर्षांखालच्या मुलाला तिकीटच नाही. त्यामुळे चौघांत पुरे तिकीट एकट्या यांचे. घाटात सगळीकडे हिरवेगार, खाली भातखाचरे लोंबीला आलेली. आत्याबाई खिडकीतून पिकेच बघत होत्या.

गुहागरला नारळी-पोफळीच्या वाडीत एका घरी उतरलो. चाकरमानी गणपती करून परत गेलेले, त्यामुळे सगळ्या खोल्या रिकाम्या. मे महिन्यात जी खोली मिळता मिळत नाही, ती काकूंनी आपणहून कमी भाड्यात दिली. आम्ही नेलेल्या भुईमुगाच्या शेंगा त्यांना दिल्या, त्यांनी आमसुले पुढे केली. शेतकऱ्याची शेतकऱ्याशी ओळख व्हायला वेळ लागत नाही.

संध्याकाळी पाच वाजता किनाऱ्यावर गेलो. एवढा लांबच लांब किनारा आणि माणूस नावाला नाही. आत्याबाईंनी हात जोडले, ओंजळीत पाणी घेतले, जिभेला लावले आणि म्हणाल्या, "खरंच खारट हाय की गं!" धाकटी आजीचे बोट धरून घोट्याएवढ्या पाण्यात नाचत होती. हे मोबाईलवर फोटो काढत होते. "आई, अजून दोन पावलं मागं सरा," असे म्हणाले. मागे म्हणजे समुद्राकडे.

दोन लाटा लहान आल्या. तिसरी मोठी आली. ती आली तेव्हा काही झाले नाही. ती परतली तेव्हा पायाखालची वाळूच निघून गेली. आत्याबाई गुडघ्यावर बसल्या आणि बोट सुटले. धाकटी आडवी होऊन पाण्याबरोबर घरंगळत निघाली. मी कशी धावले ते मला आठवत नाही. तिच्या झग्याचा घेर हाताला लागला तेवढा आठवतो. सगळे मिळून चार हात अंतर असेल. पुढची लाट आम्हा दोघींच्या डोक्यावरून गेली, पण तोवर यांनी माझा दंड धरला होता.

पोरगी खोकली, ओकली, मग रडली. ते रडणे ऐकून जीव भांड्यात पडला. त्या रात्री कोणी कोणाला बोल लावला नाही. आत्याबाई तेवढ्या अंधारात म्हणाल्या, "हिरीचं पाणी जागच्या जागी असतं गं. हे पाणी हात धरून नेतं."

मला वाटते, आपली चूक इथेच होते. आपण विहिरीत पोहलेली, नदीला उतार बघून उतरणारी माणसे. पाणी आपल्याला ठाऊक आहे, असे आपल्याला वाटते. पण समुद्राचे पाणी वेगळे. भाद्रपदात पाऊस ओसरला तरी समुद्राचा खवळ पुरता उतरलेला नसतो. आणि आडदिवसांत किनारा रिकामा, म्हणजे हाकेला धावून येणारेही कोणी नसते. स्वस्ताईची ही दुसरी बाजू.

सकाळी काकूंच्या यजमानांनी आम्हांला शहाणे केले. "तुम्ही पंचांग बघता ना? मग भरती तुमच्या हातात आहे," असे म्हणाले. शुद्ध असो की वद्य, तिथीची पाऊणपट करायची. तेवढ्या वाजता पूर्ण भरती. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, द्वादशीला नऊ. दिवसातून दोनदा भरती, आणि तिच्यानंतर सुमारे सहा तासांनी पूर्ण ओहोटी. जागेप्रमाणे थोडाफार फरक पडतो, म्हणून तिथल्या माणसाला विचारावेच. आम्ही गेलो ती होती वद्य अष्टमी. म्हणजे पाच वाजता चढत्या भरतीच्या तोंडीच आम्ही पोरीला उभे केले होते! पुनव-अवसेला तर उधाण. तेव्हा पाणी फार वर येते. लहान मूल घेऊन जायचे तर अष्टमीच्या आसपासचे दिवस बरे, पण तेव्हाही वेळ बघून.

तुम्ही जाणार असाल तर एवढे ध्यानात ठेवा. जून ते ऑगस्ट मूल घेऊन पाण्याजवळ जाऊच नये. किनाऱ्यावरून लांबूनच बघावे. एरवीही मुलाचे बोट नव्हे, मनगट धरावे, आणि म्हाताऱ्या माणसावर ते सोपवू नये. समुद्राकडे पाठ करून फोटो काढू नये. हवेची ट्यूब मुळीच देऊ नये, वारा ती आत घेऊन जातो. ओहोटीला किनारा मोठा दिसतो, पण तेव्हा पाण्याची ओढ आत असते. खेळ कोरड्या वाळूत. मोठे माणूस ओढीत सापडले तर किनाऱ्याच्या दिशेने झगडू नये, दम तुटतो. किनाऱ्याला समांतर पोहत ओढीबाहेर पडावे, मग वळावे. वाळूत निळसर फुग्यासारखे काही पडलेले दिसले तर मुलाला हात लावू देऊ नये. तो डंख मारणारा प्राणी असतो. आणि अडचणीला ११२ हा नंबर सगळ्यांच्या पाठ असावा.

दुसऱ्या दिवशी धाकटी घाबरेल असे वाटले होते. पण ती सकाळी दहाला पाण्यापासून लांब ओलसर वाळूत बसून शेत करू लागली. वाफे पाडले, पाट काढला, शिंपल्यांची लावण केली. आत्याबाई शेजारी बसून तिचे मनगट काही सोडीनात. शेवटी ती म्हणाली, "आजी, सोड की, मला पाणी पाजायचंय!" तेव्हा कुठे आत्याबाई हसल्या.

परत आलो तर म्हशीही ठीक होत्या आणि सोयाबीनही. दोन दिवसांनी घर काही बुडाले नाही. तेव्हा जरूर जा, सुगीच्या आधी सवड काढून जा. फक्त निघण्याआधी पंचांग उघडा. मुहूर्तासाठी नव्हे, भरतीसाठी.