दाढ दुखण्यापूर्वीची पायरी

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, अशी आपल्याकडे म्हण आहे. परंतु जळगाव आणि धुळे या दोन्ही जिल्ह्यांतील घराघरांची वहिवाट पाहिली, तर दाताच्या डॉक्टरची पायरीही कोणी त्याच यादीत घालून ठेविली असावी, असे वाटू लागते. मूल चार-पाच वर्षांचे होते, खालच्या दाढेत काळा खळगा पडतो, एके रात्री ते कळवळून उठते, आजी लवंगेच्या तेलाचा बोळा दाढेत बसविते, दुसऱ्या दिवशी गाल सुजतो, आणि मग तालुक्याच्या गावी धावाधाव करून, लस टोचून घेण्यापलीकडे दवाखान्याचा काहीच अनुभव नसलेल्या त्या मुलास एका अपरिचित खुर्चीत आडवे करण्यात येते. त्यानंतर जो आकांत होतो, त्यास मुलाचा भित्रेपणा म्हणणे हा निव्वळ अन्याय होय. ठणकणारी दाढ घेऊन आलेल्या मुलाच्या मनाची तयारी प्रत्यक्ष ब्रह्मदेवासही करता यावयाची नाही. तिची मुदत केव्हाच टळून गेलेली असते.

पहिला दात दिसू लागल्यापासून सहा महिन्यांच्या आत, निदान पहिल्या वाढदिवसापर्यंत, मुलाचे तोंड दंतवैद्यास दाखवावे, हा बालदंतशास्त्राने मुक्रर केलेला शिरस्ता आहे. तो वाचून अनेकांस हसू येईल. चार दातांच्या पोरास घेऊन जावयाचे आणि तेथे दाखवावयाचे काय, असे ते विचारतील. त्यांनी घरीच मुलाचा वरचा ओठ अंगठ्याने हळूच उचलून पाहावा. पुढच्या दातांवर, हिरडीला लागून, कधी कधी एक पांढुरकी, निस्तेज रेघ दिसते. कीड तेथूनच सुरू होते, आणि त्या अवस्थेत ती फ्लोराइडच्या लेपाने व खाण्यापिण्याच्या सवयी बदलून थोपविता येते. रेघ तपकिरी होऊन खळगा पडल्यावर मात्र बहुधा यंत्र हाती घ्यावे लागते. ही रेघ पुष्कळदा निजताना तोंडात राहिलेल्या गोड दुधाच्या बाटलीची, अथवा दिवसातून चार वेळा चहात बुडवून दिलेल्या बिस्किटाची देणगी असते. साखर किती खाल्ली याहून ती किती वेळा खाल्ली, याला येथे अधिक महत्त्व आहे. म्हणून आखाजीच्या दिवशी पोटभर पुरणपोळी खाणाऱ्या मुलापेक्षा येता-जाता खिशातली गोडीशेव चघळणाऱ्या मुलाच्या दातांची मला जास्त काळजी वाटते.

दुधाचे दात पडावयाचेच आहेत, त्यांचे एवढे कौतुक कशाला, हा युक्तिवाद तर सुशिक्षितांच्या तोंडूनही ऐकू येतो. दुधाचे दात 20 असतात. त्यांतील पुढचे सहा-सात वर्षांच्या सुमारास पडतात हे खरे, पण मागच्या दाढा दहा-बारा वर्षांपर्यंत राहावयाच्या असतात, आणि येणाऱ्या कायमच्या दातांची जागा त्याच राखून ठेवितात. याहून मोठा घात होतो तो निराळ्याच ठिकाणी. सहाव्या वर्षाच्या आसपास, एकही दात न पडता, सर्वांच्या मागे एक नवी दाढ निमूटपणे उगवते. ती कायमची असते, पण पडलेल्या दाताच्या जागी आलेली नसल्यामुळे घरातील मंडळी तिलाही दुधाचीच समजतात आणि जन्मभर चावावयाच्या दाढेची डोळ्यांदेखत माती होऊ देतात.

मुलाची तयारी कशी करावी हे आम्हांस ठाऊकच नाही, असे कोणी म्हणेल तर ते मला मान्य नाही. धुळ्यास पांझरेच्या काठी एकवीरादेवीच्या देवळात जावळासाठी येणारी कुटुंबे पाहावीत. मुलाच्या कोवळ्या टाळूवरून वस्तरा फिरावयाचा असतो, परंतु आता न्हावी तुझे कान कापणार असे एकही तोंड म्हणत नाही. मामाची मांडी असते, नवे कपडे असतात, मूल रडले तर त्याचे कोणास वैषम्य वाटत नाही, आणि वस्तरा चालविणारा मनुष्य हा शत्रू आहे असे त्याच्या मनात कोणी भरवीत नाही. गंमत अशी की, तान्ह्या मुलाचे तोंड तपासण्याची दंतवैद्याची रीतही याच वळणाची आहे. डॉक्टर आणि आई गुडघ्यास गुडघा भिडवून समोरासमोर बसतात. मूल आईकडे तोंड करून तिच्या मांडीवर बसते आणि मग त्याचे डोके अलगद मागे डॉक्टरच्या मांडीवर टेकविले जाते. त्याच्या नजरेसमोर आईचा चेहरा राहतो, हात तिच्या हातात राहतात, आणि रडण्यासाठी त्याने तोंड उघडलेच, तर तपासणारास ते सोयीचेच पडते.

मग भय येते कोठून? ते घरात तयार होते. मुकाट्याने जेव, नाहीतर डॉक्टरकडे नेऊन सुई टोचायला लावीन, ही धमकी ज्या घरात दोन वेळच्या जेवणाबरोबर वाढली जाते, त्या घरातील मुलाने दवाखान्याच्या दारात पाय रोवले, तर त्याने घरच्यांच्या शब्दावर विश्वास ठेविला एवढाच त्याचा अपराध. दुसरे टोक म्हणजे, काहीसुद्धा दुखणार नाही, असे छातीठोक आश्वासन. जे आपल्या हाती नाही त्याचा कौलनामा आईबापांनी लिहून देऊ नये, कारण तो एकदा खोटा ठरला की पुढच्या फेरीस मूल डॉक्टरवर नाही, आईवर अविश्वास दाखविते. घाबरू नकोस हे शब्दही शक्यतो टाळावेत; ज्याच्या मनात भीतीचा मागमूस नव्हता, त्यास घाबरण्यासारखे काहीतरी आहे अशी ती आगाऊ खबर होते. आपली अक्कलदाढ काढताना काय हाल झाले, याचे काकांचे रसभरित आख्यान मूल जवळपास नसताना व्हावे, हे वेगळे सांगावयास नको.

तीन-चार वर्षांच्या मुलास सांगावयाचे ते थोडके आणि खरे असावे: डॉक्टर तुझे दात मोजणार आहेत, छोट्या आरशात पाहणार आहेत. आदल्या दोन-चार दिवसांत आईने त्यास मांडीवर आडवे घेऊन दात मोजण्याचा खेळ खेळावा, मग मुलाने आईचे दात मोजावेत. आजीचे मोजावयास घेतले तर हिशेब लवकर संपतो, एवढीच अडचण. वेळ सकाळची, झोप पुरी झालेली, पोटात हलके काही गेलेले, अशी असावी. पुढील काम डॉक्टरचे. 1959 साली अ‍ॅडेलस्टन या दंतवैद्याने मांडलेली पद्धत अद्याप सर्वत्र शिकविली जाते: आधी सांगावे, मग दाखवावे, मग करावे. आरसा आधी मुलाच्या हाती द्यावयाचा, वाऱ्याची फुंकर आधी तळहातावर, फिरता ब्रश आधी नखावर, आणि त्यानंतरच दातावर. परत येताना शहाणपणाचे बक्षीस म्हणून चॉकलेट घेऊन देण्याची प्रथा मात्र अजब म्हणावी लागेल.

आता एक आक्षेप रास्त आहे, आणि तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. रावेर-यावलच्या केळीच्या बागेत किंवा शिरपूर-शिंदखेड्याच्या कपाशीत रोजाने राबणाऱ्या बाईने, मुलाचे काही दुखत नसताना, दिवसाचा रोज बुडवून आणि गाडीभाडे खर्चून दात मोजून घ्यावयास का जावे? अशा बाईस अज्ञानी ठरविणे सोपे आहे, परंतु तिचा हिशेब चुकीचा नाही. तजवीज करावयाची ती सरकारने. ती अर्धीअधिक झालेलीही आहे. 6 फेब्रुवारी 2013 रोजी पालघर येथे सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात दातांचे विकार समाविष्ट आहेत, आणि त्याच्या पथकाने प्रत्येक अंगणवाडीस वर्षातून दोनदा भेट द्यावी अशी योजना आहे. म्हणजे मुलाचे तोंड पहिल्यांदा उघडले जावे असे ठिकाण त्याच्या घरापासून हाकेच्या अंतरावर आहे. पथक येण्याच्या आदल्या आठवड्यात सेविकेने दात मोजण्याचा खेळ मुलांकडून करून घ्यावा, आणि त्या दिवशी आयांस मुद्दाम बोलावून ओठ उचलून पाहण्याची रीत दाखवावी, यास छदामही लागत नाही.

अडते ते चिठ्ठीनंतर. कीड लागलेल्या मुलास पुढील उपचारासाठी पाठविण्याची चिठ्ठी मिळते, ती घरी डब्यात पडते, आणि गाल सुजल्यावर बाहेर निघते. धुळ्यास साक्री रस्त्यावर दंत महाविद्यालय आहे, परंतु खेड्यातील आईस तेथवरचा प्रवास सहज परवडत नाही. तिची फेरी आठवडे बाजारास तालुक्याच्या गावी होतच असते. तेव्हा ज्या ज्या सरकारी रुग्णालयात दंतवैद्य नेमलेला आहे, तेथे बाजाराच्या दिवशी सकाळचे दोन तास सहा वर्षांखालील मुलांसाठी राखून ठेवावेत, आणि पथकाने चिठ्ठीवर केवळ रुग्णालयाचे नाव न लिहिता तो वार व ती वेळही लिहावी. यासाठी नवी इमारत नको, नवे पद नको. जिल्हा शल्यचिकित्सकांच्या सहीचे एक परिपत्रक पुरे आहे.