कप्तान वाचला, हा गुन्हा?

१७ जुलै १९४७. भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली ‘रामदास’ काश्याच्या खडकाजवळ उलटली. सहाशेहून अधिक माणसे बुडाली. कप्तान शेख सुलेमान वाचले. आमच्या पालमला समुद्र नाही, तरी ही गोष्ट निघाली की स्टाफरूममध्ये कुणीतरी म्हणतोच, “कप्तान बरा वाचला!” त्या ‘बरा’मध्येच सगळा निकाल आला. नाव सुलेमान असले की तो आणखी लवकर लागतो, हेही मोकळेपणाने बोलू या.

मी विचारते, बोटीवर वायरलेस नव्हते हा कुणाचा दोष? दुपारपर्यंत मुंबईला पत्ता नव्हता. ऐन पावसाळ्यात बोटी भरून सोडायच्या, हा रिवाज काय एकट्या कप्तानाचा? याच किनाऱ्यावर १९२७ मध्ये ‘जयंती’ आणि ‘तुकाराम’ बुडाल्या होत्या. वीस वर्षांत कंपन्या आणि सरकार काय शिकले? लाट आली, उतारू भेदरून एका अंगाला धावले, बोट कलंडली. रेवसच्या कोळ्यांनी ज्यांना होड्यांत ओढून घेतले त्यांना आपण नशीबवान म्हणतो. मग कप्तानालाच वेगळा न्याय का? त्या हवेत बोट हाकारणे चुकले असेल, तर त्याचा जाब जरूर विचारा. जिवंत राहिल्याचा कसला जाब?

हा रोग आपल्याकडचाच नाही. १९१२ मध्ये ‘टायटॅनिक’मधून वाचलेल्या मासाबुमी होसोनो या जपानी अधिकाऱ्याला त्याच्याच मुलखाने भेकड ठरवले. नोकरी गेली, पुढे परत घेतले, पण बट्टा राहिला. तो कोणत्या होडीत होता याची नीट शहानिशा १९९७ मध्ये झाली. तोवर त्याला जाऊन अठ्ठावन्न वर्षे झाली होती.